शेडचा वास शेजाऱ्याच्या नाकाने मोजा

मोहोळ तालुक्यातल्या एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. थोडं आखडून देतो:

"आमची कंपनीच्या करारावरची ५,००० ब्रॉयलर कोंबड्यांची शेड आहे. २०० फूट लांब, ३० फूट रुंद, पूर्व-पश्चिम. तीन वर्षांपूर्वी कर्ज काढून बांधली. शेडच्या पूर्वेला दीडशे मीटरवर माझ्या चुलत दिरांची वस्ती आहे. वासानं घास उतरत नाही, असं ते म्हणतात. गेल्या महिन्यात त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे आले आणि चहा तसाच ठेवून ओसरीवरून उठले. तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद आहे. भाऊजी आता तहसीलदारांकडे अर्ज देणार म्हणतात. खरं सांगते, मला वास येत नाही. आमच्या मालकांनाही येत नाही. सासूबाई म्हणतात, हे भावकीतलं जुनं दुखणं आहे, वासाचं निमित्त. वास मोजायचं यंत्र असतं का? म्हणजे एकदाचं त्यांना दाखवता येईल. आम्ही चुना टाकतो, फिनेल मारतो, शेड धुतलेलं पाणी मागच्या खड्ड्यात सोडतो. अजून काय करायचं? की शेडच बंद करू?"

ताई,

शेड बंद करण्याएवढं मला तुमच्या पत्रात काही दिसलं नाही. पण 'मला वास येत नाही' या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबलो. तुम्ही खरं तेच लिहिलं आहे. आणि भाऊजींना वास येतो, तेही खरं आहे.

नाकाचा स्वभावच तसा आहे. चार दिवस बाहेरगावी राहून घरी आलं, की दार उघडताना आपल्याच घराचा वास जाणवतो आणि पाच-दहा मिनिटांत नाहीसा होतो. वास कुठे गेलेला नसतो, नाकानं त्याची दखल घेणं सोडलेलं असतं. तुम्ही तर दिवसातून चार वेळा शेडमध्ये जाता, रात्री त्याच अंगणात झोपता. या पंचमीला माहेरी जाणार असाल तर परत येताना एक करा. वस्तीच्या फाट्यावर उतरल्यावर बोलत बोलत घराकडे न येता जागेवर उभ्या राहा आणि पहिला श्वास लक्षात ठेवा. तो एक श्वास भाऊजींच्या रोजच्या जेवणाच्या वेळचा आहे.

तेव्हा शेडमध्ये वास आहे की नाही, याची साक्ष तुमचं नाक देऊ शकत नाही आणि मालकांचंही देऊ शकत नाही. सासूबाईंचं म्हणणं मी खोटं ठरवत नाही, भावकीत जुनी दुखणी असतातच. पण चहा ठेवून उठलेल्या पाहुण्यांना तुमची भावकी माहीत नव्हती.

आता यंत्राचं. यंत्र असतं, पण तुमच्या मनात आहे तसं नसतं. काटा फिरला आणि 'वास सत्तर' असं दाखवणारं यंत्र कुणाकडे नाही. जगभर वास मोजायची जी मान्य पद्धत आहे, तिच्यात शेवटी माणसाचंच नाक लागतं. शेडमधली हवा एका निर्गंध पिशवीत भरून प्रयोगशाळेत नेतात. तिथे निवडलेल्या माणसांसमोर ती हवा स्वच्छ हवेत मिसळून, आधी खूप पातळ आणि मग थोडी थोडी दाट करत सोडतात. निम्म्या लोकांना वास लागेल इतकी ती पातळ करायला जितके पट स्वच्छ हवा लागली, तितकी त्या नमुन्याची 'गंध एकके'. हजार पट लागली तर हजार एकके. यासाठी युरोपात २००३ साली मानक ठरलं आणि २०२२ साली ते सुधारलं. त्यात माणसं निवडण्याचेही नियम आहेत. ब्युटेनॉल नावाच्या रसायनाचा वास ज्याला फार लवकर लागतो तोही बाद, ज्याला फार उशिरा लागतो तोही बाद. वास घेण्याआधी अर्धा तास काही खायचं नाही, विडी-सिगारेट नाही, अंगाला अत्तर नाही.

तुमच्या ५,००० पक्ष्यांसाठी या खर्चात पडू नका. पण त्याच पद्धतीची एक शेतावर करता येण्याजोगी बहीण आहे आणि तिला एक वही, एक पेन आणि मोबाईलमधलं घड्याळ एवढंच लागतं. जर्मनीत गावांमध्ये वास किती येतो हे ठरवताना ती वापरतात. ज्या जागेची तक्रार आहे तिथे एक माणूस दहा मिनिटं उभा राहतो. दर दहा सेकंदांनी एक श्वास घेतो आणि त्या श्वासाला शेडचा वास आला की नाही, एवढंच लिहितो. दहा मिनिटांत साठ श्वास होतात. त्यातल्या सहा किंवा जास्त श्वासांना वास ओळखू आला, तर तो तास 'वासाचा तास' धरतात. मग वर्षभरात वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी असं करून शंभरातले किती तास वासाचे निघाले ते पाहतात.

हे तुमच्या वस्तीवर करा. मात्र उभं कुणी राहायचं? तुम्ही नाही, मालक नाहीत. माझं मत विचाराल तर भाऊजींच्या घरातल्याच कुणी तरी उभं राहावं. कॉलेजला जाणारं पोरगं किंवा पोरगी असेल तर उत्तम. तंबाखू, गुटखा खाणारा नको, सर्दी झालेला नको आणि जागेवर उदबत्ती किंवा चूल नको. दुसऱ्या बाजूनं तुमच्या माहेरचं किंवा गावातलं कुणी त्रयस्थ माणूस सोबत उभं राहू दे. एकाच वेळी दोघांनी, एकमेकांना न दाखवता लिहायचं. पहाटे एकदा, दुपारी एकदा, दिवेलागणीला एकदा. एक बॅच, म्हणजे पिल्लं आल्यापासून पक्षी विकले जाईपर्यंतचा काळ, पूर्ण होईपर्यंत आठवड्यातून दोन-तीन दिवस एवढं केलंत तर पुष्कळ झालं.

वहीत सोबत चार गोष्टी हव्यात: बॅच कितव्या दिवसाची आहे, पाऊस झाला का, शेडमध्ये त्या दिवशी काय केलं आणि वारा कुठून कुठे होता. वाऱ्यासाठी बांबूला जुन्या लुगड्याची लांब चिंधी बांधून शेड आणि वस्ती यांच्या मध्ये रोवा. कागदावर बाण काढून ठेवला की काम झालं.

वारा मी मुद्दाम सांगतो आहे. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो. तुमची शेड पूर्व-पश्चिम आहे, म्हणजे उन्हाच्या दृष्टीनं बरोबर बांधली आहे. पण पावसाळ्यात वारा तिच्या लांबीतून शिरतो, दोनशे फुटांतला वास गोळा करत पूर्वेच्या तोंडानं बाहेर पडतो, आणि समोर भाऊजींची ओसरी आहे. हिवाळ्यात वारा फिरतो, तेव्हा त्रास कमी व्हायला हवा. पण थंडीच्या रात्री वारा पडला की जमिनीलगतची गार हवा वर उठत नाही. वास तिच्यातच अडकतो आणि पाण्यासारखा उताराकडे, ओढ्याकडे सरकतो. अशा वेळी उताराला असलेल्या घराला पहाटे वास येतो आणि ऊन चढलं की जातो. पोरांनी सकाळी दहाला येऊन 'कुठे आहे वास?' म्हणायचं आणि म्हाताऱ्यानं पहाटे पाचला नाक दाबायचं, असं होतं. दोघंही खरं बोलत असतात. वहीत वेळ लिहिलेली असली की हा वाद तिथेच संपतो.

अमोनिया, म्हणजे विष्ठेतून सुटणारा नाका-डोळ्यांना झोंबणारा वायू, मोजायचं मात्र खरोखरचं साधन आहे आणि ते तुम्ही घ्यावं. सगळ्यात स्वस्त म्हणजे रंग बदलणारी कागदी पट्टी. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवायची, पाकिटावर लिहिलेले सेकंद हवेत धरायची आणि रंग जुळवायचा. त्याच्यावर काचेच्या नळ्या आणि हातपंप येतो, त्याच्यावर हातातलं इलेक्ट्रॉनिक मीटर. तुम्हाला पट्टी पुरे. फक्त ती धरायची कशी ते ऐका. पहाटे, पडदे उघडायच्या आधी, शेडच्या मध्यावर गुडघे टेकून बसा आणि हात पक्ष्याच्या डोक्याच्या उंचीला, जमिनीपासून वीतभर न्या. आपण उभं राहून पाच फुटांवरची हवा घेतो, पक्षी वीतभरावरची घेतो. मी शेडमध्ये शिरलो की पहिलं हे करतो. उभं असताना काहीच वाटत नाही अशा शेडमध्ये खाली बसल्यावर डोळ्यांना पाणी येतं, नाकात वरपर्यंत टोचतं. त्या उंचीला अमोनिया २५ पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत २५ भागांच्या, खाली राहिला पाहिजे. ५० च्या आसपास गेला की वजन मार खातं, पक्ष्यांचे डोळे चिकटतात, श्वासाची खरखर सुरू होते. लिफ्टिंगच्या वेळी, म्हणजे कंपनी पक्षी उचलून नेते तेव्हा, काट्यावर जे कमी भरतं, त्यातलं काही असं हवेतून गेलेलं असतं. तेव्हा हे काम फक्त भाऊजींसाठी नाही, तुमच्या पैशासाठीही आहे.

एक सावधगिरी. हीच पट्टी भाऊजींच्या अंगणात धरून 'बघा, शून्य आहे' असं सांगायला जाऊ नका. अमोनिया हवेपेक्षा हलका आहे, लांब जाईपर्यंत विरून जातो. दीडशे मीटरवर जो वास पोचतो, त्यात सडक्या अंड्यासारखे गंधकाचे वायू, आंबूस आम्लं, विष्ठेचा म्हणून जो उग्र वास असतो तो देणारी संयुगं असतात. ती इतक्या बारीक प्रमाणात नाकाला कळतात की पट्टीला त्यांचा पत्ताही लागत नाही. त्यातली बरीचशी शेडच्या धुळीला चिकटून प्रवास करतात. अंगणात शून्य आणि नाकाला वास, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. अंगणात वही, शेडमध्ये पट्टी, अशी वाटणी ठेवा.

आता वास कमी कसा करायचा. इथे मी हातचं न राखता एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणार आहे: पाणी.

कोरडी विष्ठा फार वासत नाही. ओल आली की जिवाणूंचं काम सुरू होतं, विष्ठेतल्या युरिक आम्लाचा अमोनिया होतो, आणि जिथे ओलीत हवा पोचत नाही तिथे गंधकाचे वायू तयार होतात. पाचव्या आठवड्यातला ५,००० पक्ष्यांचा कळप दिवसाला साधारण दीड हजार लिटर पाणी पितो. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळीसच्या वर गेला की त्याहून कितीतरी जास्त. त्यातलं बरंचसं विष्ठेतून आणि श्वासातून त्याच शेडमध्ये बाहेर येतं. हे टळणारं नाही. पण त्यावर आपण जे वाढवतो ते टळणारं आहे. पाण्याच्या लाईनवरचा एखादा निपल, म्हणजे चोच मारली की पाणी देणारी तोटी, सेकंदाला एक थेंब गळत असेल, तर दिवसाला चार लिटरच्या वर पाणी एकाच जागी तुसात मुरतं. चाळीस दिवसांत दीडशे लिटरहून जास्त. शेडमध्ये असे दहा निपल असले तर काय होईल ते तुम्हीच मांडा.

उद्या सकाळी एक काम करा. निपलच्या ओळीखालून वाकून चाला आणि जिथे तूस काळं पडून पापडी धरली आहे तिथे वर बघा. बहुतेक वेळा गळका निपल तिथेच सापडतो, नाहीतर लाईन सैल होऊन खाली आलेली असते. पक्ष्यानं मान उंचावून वरून पाणी घ्यायला हवं. मान वाकडी करून बाजूनं चोचा मारत असेल, तर अर्धं पाणी खाली जातं. पिल्लं वाढतात तशी लाईन दर दोन-तीन दिवसांनी वर घ्यावी लागते आणि हेच काम सगळ्यात जास्त राहून जातं. टाकी उंच असेल तर दाबही तपासा.

मग मूठभर लिटर, म्हणजे शेडमध्ये अंथरलेलं विष्ठा मिसळलेलं तूस, घ्या आणि घट्ट दाबा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ओल जास्त आहे. गोळा झाला आणि उघडताच भेगा पडून सुटला, तर बरोबर, साधारण २० ते २५ टक्के. गोळाच झाला नाही, हातावर नुसती धूळ उरली, तर जास्तच कोरडं आहे, आणि ती धूळही वास वाहून नेते. आकडाच हवा असेल तर वेगवेगळ्या जागचं मिळून शंभर ग्रॅम लिटर ताटात पसरून कडक उन्हात वाळवा, वजन उतरायचं थांबेपर्यंत. पंच्याहत्तर ग्रॅम उरलं तर ओल २५ टक्के.

पापडी धरलेलं लिटर खालीवर करून मोडायचं नाही, ते उचलून शेडबाहेर काढायचं आणि त्या जागी कोरडं तूस टाकायचं. बाकीचं आठवड्यातून दोनदा हलवायचं, पण दुपारी अकरा ते तीनमध्ये. तेव्हा जमीन तापलेली असते, हवा वर उठते आणि वास वरच्यावर पातळ होतो. संध्याकाळी पाचला लिटर हलवलंत, की ती सगळी वाफ भाऊजींच्या जेवणावर जाऊन बसणार. खर्च शून्य, फक्त वेळ बदलायची. मला विचाराल तर या एका बदलानं तुमच्या वहीतले निम्मे वासाचे दिवस कमी व्हावेत.

पडद्यांचंही तसंच. पाऊस आला म्हणून पश्चिमेचा पडदा खालपासून वरपर्यंत ओढून घेतला की आत ओल कोंडते. वर हातभर फट कायम मोकळी ठेवा. आपल्याकडे सप्टेंबरात पाऊस जोर धरतो, काळ्या रानातलं पाणी हटत नाही, शेडच्या पायाशी तळं साचतं आणि ओल खालून चढते. पत्र मिळाल्यावर शेडभोवतीची चर आधी मोकळी करा. आणि खाद्य कंपनीचं असल्यानं त्यात तुमचा हात नाही, तरी विष्ठा अचानक पातळ झाली तर सुपरव्हायझरच्या पुढच्या फेरीची वाट न बघता त्याच दिवशी कळवा. खाद्यातलं मीठ वाढलेलं असतं किंवा रक्ती हगवणीची सुरुवात असते. लिटर ओलं होणं ही दोन्हींची पहिली खूण.

चुन्याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण ही चूक मी स्वतः केलेली आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी बार्शीकडच्या एका गावात ओल्या लिटरवर चुना भुरभुरवायला मीच सांगितलं होतं. शेतकऱ्यानं विश्वासानं दोन पोती टाकली, लिटर हलवलं आणि पडदे लावले. दुसऱ्या दिवशी पहाटे मला घेऊन गेला. पक्षी डोळे मिटून कोपऱ्यात दाटले होते, दारात उभं राहवत नव्हतं. त्या माणसाचा चेहरा मी विसरलेलो नाही.

कारण साधं आहे. ओल्या लिटरमधला बराचसा अमोनिया आम्ल असेल तर क्षाराच्या रूपात बांधलेला राहतो. चुना आम्ल मारतो आणि तो बांधलेला अमोनिया मोकळा होऊन हवेत उठतो. खात्री हवी असेल तर दोन काचेच्या बरण्यांत दोन-दोन चमचे ओलं लिटर घ्या, एकीत तंबाखूच्या डबीतला हरभऱ्याएवढा चुना कालवा, झाकण लावून दहा मिनिटं ठेवा. मग उघडून हातानं वारा घालत लांबूनच वास घ्या. मालकांनाही दाखवा. त्या दिवसापासून ते पक्ष्यांखाली चुना टाकणार नाहीत. चुन्याची जागा रिकाम्या, धुतलेल्या, वाळलेल्या शेडच्या फरशीवर आणि भिंतींवर आहे.

अमोनिया बांधायचा असेल तर उलट बाजूनं जावं लागतं, आम्लाच्या. ॲल्युमिनियम सल्फेट, म्हणजे तुरटीच्या घरातलं मीठ, त्यासाठी अनेक देशांत लिटरमध्ये मिसळतात. पिल्लं यायच्या आधी, शेड रिकामी असताना, नाकातोंडाला फडकं बांधून ते पसरतात. प्रमाण तुमच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांकडून ठरवून घ्या. माझा आग्रह एवढाच की आधी निपल, मग तुरटी. गळक्या लाईनखाली तुरटी म्हणजे पैसे पाण्यात.

फिनेल बंद करा. एका वासावर दुसरा वास चढवल्यानं पहिला जात नाही, ओसरीवर बसलेल्या माणसाला दोन्ही येतात. जिवाणूंच्या कल्चरच्या बाटल्या विकायला येतील. घ्यायच्याच असतील तर अर्ध्या शेडला वापरा, अर्धी तशीच ठेवा, आणि पंधरा दिवसांनी दोन्हीकडे पट्टी धरून बघा. विकणाऱ्याच्या शब्दावर नको.

खताच्या ढिगाचं तुम्ही पत्रात काही लिहिलं नाही, म्हणजे तो उघड्यावर असणार. बॅच निघाल्यावर सगळं लिटर एकदम बाहेर काढून पावसात ठेवलं, की महिनाभर शेड चालवून होत नाही एवढा वास आठ दिवसांत होतो. ढीग वस्तीपासून लांबच्या बाजूला, उंचवट्यावर, पत्र्याखाली किंवा ताडपत्रीखाली हवा. कोंबडखतात नत्र फार, कर्ब कमी, म्हणून ते एकटं नीट कुजत नाही, नत्र अमोनिया होऊन उडून जातं. त्यात उसाचं पाचट, कडब्याची धसकटं, तुराट्यांचा चुरा असं जे रानात आहे ते मिसळा. ओल इतकी की मूठ दाबल्यावर बोटांत दमटपणा लागावा, पाणी गळू नये. चौथ्या-पाचव्या दिवशी ढिगात लोखंडी सळई खुपसून ठेवा, अर्ध्या तासानं काढा. हातात धरवली नाही तर ढीग ५५-६० अंशांवर नीट चालला आहे. कोमट असेल तर आत हवा नाही, पालटा. पालटायचा दिवस वही बघून ठरवा, ज्या दुपारी चिंधी वस्तीकडे उडत नाही त्या दुपारी. वरून जुन्या, तयार खताचा वीतभर थर द्या, तो वास बराच गाळून घेतो.

रोजची मरतुक, म्हणजे मेलेले पक्षी, याच ढिगात, पण मध्यावर, खाली-वर-बाजूंनी दीड वीत लिटर राहील अशी पुरली, तर वास येत नाही आणि कुत्री उकरत नाहीत. ओढ्याला टाकत असाल तर आजपासून बंद. डाळिंबवाले खत न्यायला आले तर गाडीवर ताडपत्री असल्याशिवाय भरू देऊ नका आणि रानात पसरल्याच्या दिवशीच मातीआड करायला सांगा. उघडं पडलेलं खत पहिल्या दिवसातच सगळ्यात जास्त वासतं, आणि त्याचं नत्रही तेव्हाच उडतं.

शेडच्या पूर्वेला, तोंडापासून चाळीस-पन्नास फूट सोडून, शेवरी आणि बांबूच्या दोन ओळी या पावसातच लावा. झाडं धूळ अडवतात आणि हवेला वर ढकलतात. अगदी चिकटून लावू नका, एप्रिल-मेमध्ये पक्ष्यांना वारा लागतो. झाडं दोन-तीन वर्षांनी कामाला येतील, तोवर तिथे हिरवी जाळी उभी करा.

आता तो मागचा खड्डा. ताई, हे वाचून दाखवा घरात सगळ्यांना. शेड धुतलेलं पाणी, विष्ठा, पिसं ज्या खड्ड्यात महिनोन् महिने साचतात, त्याच्या तळाशी हायड्रोजन सल्फाईड हा सडक्या अंड्याच्या वासाचा वायू तयार होतो. तो हवेपेक्षा जड आहे, खड्ड्यातच बसून राहतो. ढवळलं की एकदम सुटतो. अगदी थोडा असला की नाकाला लगेच कळतो, पण १०० पीपीएमच्या आसपास गेला की नाक काही मिनिटांत बधिर होतं आणि वास यायचा बंद होतो. माणसाला वाटतं वायू गेला. त्याच्यापुढच्या प्रमाणात शुद्ध जाते, जीव जातो, आणि वाचवायला उतरलेला दुसराही जातो. गोबरगॅसच्या आणि मैल्याच्या टाक्यांत माणसं अशीच गेली आहेत. त्या खड्ड्यात साफ करायला कुणीही उतरायचं नाही, बाई नाही, गडी नाही, पोरगं तर नाहीच. काठावरूनच पंपानं उपसा, वारा असलेल्या दुपारी. आणि पुढच्या वेळी शेड आधी झाडून, खरवडून कोरडी काढा, मग कमी पाण्यानं धुवा. खड्ड्यात जाणारा माल आपोआप कमी होतो.

तहसीलदारांच्या अर्जाबद्दल. ते कार्यकारी दंडाधिकारी असतात आणि राज्य सरकारनं तसा खास अधिकार दिलेला असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली, म्हणजे जुन्या १३३ खाली, सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा आदेश देऊ शकतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०२१ साली कोंबडीपालनाची मार्गदर्शक तत्त्वं सुधारली, त्यात वस्तीपासूनचं अंतर, खत आणि मरतुक यांबद्दल सूचना आहेत. तुमच्या पक्षीसंख्येला आणि जुन्या शेडला त्यातलं काय लागू होतं, ते राज्य मंडळाच्या सोलापूर कार्यालयात जाऊन विचारा आणि उत्तर लेखी घ्या. हवेच्या २००९ च्या राष्ट्रीय मानकांत अमोनियाचा आकडा आहे, चोवीस तासांच्या सरासरीला घनमीटरमागे ४०० मायक्रोग्रॅम. वासाचा असा आकडा त्यात नाही. म्हणूनच उद्या कुणी अधिकारी पाहणीला आला, तर दोन्ही घरांनी मिळून ठेवलेली वही आणि दुरुस्त केलेली लाईन हेच तुमच्या हातात असेल.

पण अर्जाच्या आधी तुम्ही त्यांच्या घरी जा. मालकांना पाठवू नका, दोघे पुरुष बांधावरून बोलायला लागले की कुठे जातात ते आपण जाणतो. तुम्ही जाऊबाईंकडे जा. 'आम्हाला वास येत नाही' हे वाक्य तिथे उच्चारू नका. पोरीच्या पाहुण्यांसमोर तुमची मान खाली गेली, त्याचं मला वाईट वाटलं, एवढं आधी म्हणा आणि त्यांना बोलू द्या. नंतर वही पुढे करा. सध्याची बॅच कितव्या दिवसाची आहे, लिफ्टिंग कधी, लिटर कधी निघणार, त्या तारखा त्यांच्या कॅलेंडरवर तुमच्या हातानं लिहून द्या. पुन्हा पाहुणे यायचे ठरले तर चार दिवस आधी सांगा म्हणावं, त्या आठवड्यात आम्ही लिटरला हात लावणार नाही, ढीग पालटणार नाही. आणि त्यांच्या पोरीलाच विचारा, दहा मिनिटं उभी राहून साठ श्वास मोजशील का म्हणून.